प्रवासग्रंथांतील मुक्कामविचार

परगांवीं जावयाचें ठरलें म्हणजे गाडीचीं तिकिटें, बरोबर न्यावयाचें सामान आणि पाहावयाचीं स्थळें यांचा विचार आपण पुष्कळ करितों; परंतु उतरावयाचें कोठें, हा प्रश्न बहुधा सर्वांत शेवटीं आणि सर्वांत घाईनें सोडविला जातो. त्या गांवीं कोणी आप्त असला तर प्रश्न उरतच नाहीं. नसला तर कोणी तरी सुचविलेलें एखादें नांव, स्टेशनाबाहेर दिसलेली पाटी, किंवा हल्लीं हातांतील यंत्राच्या पडद्यावर चमकणाऱ्या चांदण्या, यांवर भिस्त ठेवून आपण मोकळे होतों. वास्तविक परक्या शहरांत आपण जी खोली घेतों ती त्या शहराविषयींचा आपला पहिला अभिप्राय असतो. सकाळीं खिडकी उघडली असतां समोर काय दिसतें, खालीं उतरल्यावर पहिला चहा कोणाच्या शेजारीं बसून घेतला जातो, रात्रीं परततांना रस्ता जागा असतो कीं निजलेला, यांवर त्या शहराचें जें चित्र आपण घरीं घेऊन येतों त्याचा मोठा भाग अवलंबून असतो. पाहिलेलीं स्थळें पुढें एकमेकांत मिसळून जातात. उतरलेला मोहल्ला मात्र लक्षांत राहतो.

हा अभिप्राय आपल्यासाठीं आगाऊ तयार करून देणारें एक स्वतंत्र वाङ्मय आहे. प्रवाशांचीं मार्गदर्शक पुस्तकें, शहरांचे परिचयग्रंथ, हॉटेलांच्या याद्या आणि त्यांना दिलेल्या श्रेणी हें सारें त्यांत येतें. समीक्षक या वाङ्मयाकडे सहसा वळत नाहींत. रेल्वेच्या वेळापत्रकाप्रमाणें तें वापरावें आणि काम संपतांच टाकून द्यावें, अशीच सर्वसाधारण समजूत आहे. आम्हांस ही समजूत बरोबर वाटत नाहीं. कवीचें चुकलें तर वाचक पुस्तक मिटून ठेवतो. मार्गदर्शकाचें चुकलें तर वाचकास बायकामुलांसह ती चूक रात्रभर भोगावी लागते. ज्या लेखनावर लोक इतका विश्वास टाकतात त्याची परीक्षा कसून व्हावयास हवी. मुक्कामाविषयीं हें वाङ्मय काय सांगतें आणि विशेषतः काय सांगत नाहीं, एवढाच प्रश्न प्रस्तुत लेखांत आम्ही विचारार्थ घेतला आहे.

हा लेखनप्रकार सर्वस्वीं परदेशांतून आला, असें मात्र कोणी समजूं नये. महानुभाव पंथाच्या वाङ्मयांत 'स्थानपोथी' नांवाचा एक ग्रंथ आहे. तो चौदाव्या शतकांतील असून मुनिव्यासांच्या नांवावर आहे. श्रीचक्रधरस्वामी जेथें जेथें हिंडले आणि राहिले त्या स्थळांची ही नोंद होय. एका रात्रीचा मुक्काम ती 'वसति', पुष्कळ दिवसांचा मुक्काम तें 'अवस्थान', असा भेद पंथांत केला जातो. गांवाच्या कोणत्या दिशेस कोणतें देऊळ, मठाचें दार कोणीकडे, तेथून पुढील जागा किती अंतरावर, हें ग्रंथकार नेमकेपणानें सांगतो. या नोंदींच्या मुळाशीं भक्तिभाव आहे हें उघड आहे. तथापि आमच्या विषयाच्या दृष्टीनेंही त्यांत एक मोठा गुण आहे. या पोथींत मुक्कामाची जागा गांवापासून तोडून सांगितलेली नाहीं. जागा म्हणजे तिचा शेजार, तिची दिशा आणि तेथवर जाण्याची वाट, अशी ग्रंथकाराची धारणा दिसते. त्या जुन्या पोथीस जें उमगलें होतें तें पुढील काळांतील नामांकित मार्गदर्शकांना उमगलें काय, हें पाहण्यासारखें आहे.

आधुनिक मार्गदर्शक ग्रंथांची परंपरा एकोणिसाव्या शतकांत दृढ झाली. लंडनच्या जॉन मरे यांनीं १८३६ मध्यें युरोपखंडाच्या प्रवाशांसाठीं आपलें 'हँडबुक' काढलें. जर्मनींतील कोब्लेंझ येथें १८२७ मध्यें कार्ल बेडेकर यांनीं स्थापन केलेल्या प्रकाशनसंस्थेनें तर या क्षेत्रांत असें नांव मिळविलें कीं, 'बेडेकर' हा शब्दच मार्गदर्शक पुस्तकाचा पर्याय होऊन बसला. मराठी वाचकास हें नांव ऐकून लोणच्यांची आठवण होईल. दोन्ही बेडेकरांचा एकमेकांशीं कांहीं संबंध नाहीं, साम्य असलेंच तर इतकेंच कीं दोघांच्याही मालावर गिऱ्हाइकाचा विश्वास बसला. आणि तो विश्वास बेडेकर-ग्रंथांनीं कष्टानें मिळविला होता. हॉटेलवाल्यांच्या जाहिरातींना त्यांत थारा नव्हता. भाडें, जेवणाचे दर, गाडीवाल्यास द्यावयाचे पैसे हें सारें त्यांत छापलेलें असे, आणि विशेष शिफारस करण्याजोग्या हॉटेलासमोर व वास्तूसमोर चांदणीची खूण केलेली असे. अनोळखी गांवीं फसवणुकीच्या भीतीनें धास्तावलेल्या मध्यमवर्गीय प्रवाशाला या पुस्तकांनीं धीर दिला, हें त्यांचें ऋण मान्य केलेंच पाहिजे.

परंतु या ग्रंथांची मांडणीच पाहा. गांवाचें नांव आलें कीं प्रथम हॉटेलांची यादी. ती संपली कीं मग शहराचें वर्णन. या दोन भागांमध्यें जणूं एक भिंत उभी आहे. हॉटेलाच्या यादींत खोली, भोजन आणि दर. शहराच्या वर्णनांत चर्च, चित्रशाळा आणि पुतळे. त्या हॉटेलांत राहिल्यानें या शहराचा कोणता चेहरा दिसेल आणि कोणता झांकला जाईल, हा प्रश्न दोन्ही भागांच्या मधल्या फटींतून निसटून जातो. चांदणी मिळते ती खोलीला. मोहल्ल्याला चांदणी नाहीं. पुढें शेंकडों पुस्तकांनीं हीच मांडणी उचलली, आणि आजच्या पडद्यावरील श्रेणींतही ती कायम आहे. पलंग, स्नानगृह, न्याहारी, नोकरांची वागणूक यांना गुण मिळतात, आणि 'जागा सोयीची आहे' एवढ्या तीन शब्दांत शेजार आटोपतो. सोयीची म्हणजे कशासाठीं आणि कोणासाठीं, हें कोणी सांगत नाहीं.

मार्गदर्शकांनीं वगळलेला हा प्रश्न कादंबरीकारानें मात्र ओळखला. ई. एम. फॉर्स्टर यांची १९०८ सालीं प्रसिद्ध झालेली 'अ रूम विथ अ व्ह्यू' ही कादंबरी खोलीच्या तक्रारीनेंच सुरू होते. ल्यूसी ही तरुणी आपल्या वयस्क नातलग बाईबरोबर फ्लॉरेन्सला येते. नदीकडील खोल्या देण्याचें कबूल केलेलें असतां त्यांना मागील चौकाकडे तोंड असलेल्या खोल्या मिळतात. त्याहून मोठी निराशा वेगळीच आहे. बोर्डिंगची मालकीण लंडनच्या बोलीची, पंक्तीला सारे इंग्रज, भिंतीवर इंग्लंडच्या राणीची आणि राजकवीची तसबीर. इटलींत येऊन पाऊल पडलें तें पुन्हां लंडनांतच! आपली देखाव्याची खोली देऊं करणारे एमर्सन पितापुत्र तेथें भेटतात आणि पुढील सारें कथानक त्या अदलाबदलींतून उमलतें. दुसऱ्या दिवशीं ल्यूसीच्या हातून तिचें बेडेकर काढून घेतलें जातें आणि सांता क्रोचे या चर्चमध्यें ती त्यावांचून भांबावून उभी राहते. कोणतें शिल्प वाखाणावें हें सांगणारें कोणी नाहीं; मग हळूहळू ती स्वतःच्या डोळ्यांनीं पाहूं लागते. फॉर्स्टर यांनीं या प्रसंगांत मार्गदर्शक ग्रंथांवर केलेली टीका सौम्य असली तरी मर्मावर बसणारी आहे. परदेशीं जाऊन आपल्याच लोकांच्या कोंडाळ्यांत उतरणारा मनुष्य शहर बदलतो, शेजार बदलत नाहीं.

याच्या उलट अनुभव मार्क ट्वेन यांच्या लेखनांत सांपडतो. १८९६ च्या आरंभीं ते मुंबईस आले आणि वॉटसनच्या हॉटेलांत उतरले. इंग्लंडांत ओतलेल्या लोखंडी खांबांची व तुळयांची १८६७ ते १८६९ या काळांत येथें उभारणी करून बांधलेलें हें हॉटेल त्या काळीं गोऱ्या साहेबांचें होतें. पुढच्या वर्षीं प्रसिद्ध झालेल्या 'फॉलोइंग द इक्वेटर' या प्रवासवर्णनांत त्यांनीं येथील धीट कावळ्यांचें वर्णन मोठ्या विनोदानें केलें आहे. त्याच प्रकरणांत दुसरी एक लहान हकीकत आहे. खोली दाखवावयास आलेल्या एका जर्मन गृहस्थानें क्षुल्लक कारणावरून एका देशी नोकराच्या थोबाडींत दिली, आणि नोकरानें ती मुकाट्यानें सोसली. तें पाहून ट्वेन यांना आपल्या बालपणींच्या मिझुरींतील गुलामांची आठवण झाली. ज्या हॉटेलाच्या भिंतींनीं शहर बाहेर ठेवावयाचें, त्याच हॉटेलाच्या आंत त्यांना साऱ्या वसाहतीचें स्वरूप एका क्षणांत दिसलें. मुक्काम कोठेंही असो, पाहणारा जागा असेल तर तो पाहतोच, असें यावर कोणी म्हणेल. आणि तें खरें आहे. परंतु सर्वच प्रवासी मार्क ट्वेन नसतात. सामान्य प्रवाशास त्याच्या खोलीनें जेवढें दाखवावें तेवढेंच दिसतें, म्हणून सामान्य प्रवाशासाठीं लिहिणाऱ्यावर जबाबदारी अधिक येते.

मुंबईचा उल्लेख आलाच आहे, तर याच शहरावर हा प्रश्न कसोटीस लावून पाहूं. १९०३ च्या डिसेंबरांत अपोलो बंदरावर ताजमहाल हॉटेल उघडलें. तेथून सुमारें दोन मैलांवर, क्रॉफर्ड मार्केटजवळ, सरदारगृह होतें. लोकमान्य टिळकांचा मुंबईंतील मुक्काम तेथें असे, आणि १ ऑगस्ट १९२० रोजीं त्यांचा अंत झाला तोही तेथेंच. एकाच काळांत या दोन ठिकाणीं उतरलेल्या दोन पाहुण्यांनीं घरीं जाऊन मुंबईचें वर्णन केलें असतें, तर तें एकाच शहराचें आहे असें ऐकणाऱ्यास वाटलें असतें काय? एकास समुद्र, जहाजें आणि बँडचे सूर आठवले असते. दुसऱ्यास बाजार, सभा आणि वर्तमानपत्रांची आरोळी. दोन्ही वर्णनें खरीं, आणि दोन्ही अपुरीं.

आजही तेंच आहे. मुंबईस चार दिवसांसाठीं येणारें कुटुंब फोर्टांत किंवा कुलाब्यास उतरलें, तर वस्तुसंग्रहालय, राजाबाई मनोरा, उच्च न्यायालय आणि ओव्हल मैदानाच्या दोन बाजूंस समोरासमोर उभ्या असलेल्या दोन युगांच्या इमारती पायीं फिरून पाहतां येतात. २०१८ मध्यें युनेस्कोनें जागतिक वारशांत घेतलेल्या त्या याच. परंतु कचेऱ्या सुटल्या कीं फोर्टांतील पुष्कळ गल्ल्या ओस पडतात, आणि शहर झोपावयास उपनगरांत जातें. गिरगांवांत उतरलें तर चाळींचें जीवन, खोताच्या वाडींतील जुनीं घरें, आणि जेथें १८९३ सालीं सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला ती केशवजी नाईकांची चाळ हांकेच्या अंतरावर येते. मात्र रुंद रस्ता आणि शांत रात्र यांची अपेक्षा तेथें करूं नये. दादरास उतरलें तर पश्चिम आणि मध्य असे रेल्वेचे दोन्ही मार्ग हातांशीं राहतात, पहाटेचा फुलबाजार पाहावयास मिळतो, संध्याकाळीं शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसतां येतें. पण पावसाळ्यांत हिंदमातेजवळ पाणी तुंबलें म्हणजे गुडघाभर पाण्यांतून सामान न्यावें लागतें. अंधेरीस उतरलें तर विमानतळ जवळ आणि जुनी मुंबई बारा-चौदा मैल दूर. २०२५ च्या ऑक्टोबरांत आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो पूर्णपणें सुरू झाल्यापासून हें अंतर वेळाच्या हिशेबानें पुष्कळ कमी झालें. पण भुयारांतून जाणारास वाटेंतलें शहर दिसत नाहीं, हेंही त्याबरोबर सांगावयास हवें.

या चारांपैकीं उत्तम कोणतें? ज्याला हा प्रश्न इतकाच विचारला जातो आणि जो त्याचें उत्तर तत्काळ देतो, तो मार्गदर्शक विश्वासार्ह नव्हे. मुलांना वस्तुसंग्रहालय दाखवावयाचें आहे, कीं लग्नाचा बस्ता काढावयाचा आहे, कीं आईच्या डोळ्यांची तपासणी करावयाची आहे, हें ठाऊक झाल्यावांचून उत्तर निघूंच शकत नाहीं. चांगला वैद्य नाडी पाहिल्यावांचून औषध देत नाहीं. आमचे मार्गदर्शक मात्र रोगी न पाहतां एकच पुडी सर्वांना वांटतात.

येथें दुसऱ्या टोंकाच्या एका मताचाही समाचार घेतला पाहिजे. हॉटेलांत राहणारा प्रवासी शहर पाहतच नाहीं. खरें शहर पाहावयाचें तर सामान्य वस्तींत, एखाद्या राहत्या घरांत बिऱ्हाड करावें, असा उपदेश अलीकडे फार ऐकूं येतो. ऐकावयास तो गोड आहे. फॉर्स्टर यांच्या बोर्डिंगपेक्षां तो उजवा वाटतो, आणि आम्हीं आतांपर्यंत जें म्हटलें त्याचें तें तर्कशुद्ध पर्यवसान आहे असेंही कोणास वाटेल. परंतु पाहुणा हाही वस्तींत जागा अडवितो, ही गोष्ट या उपदेशांत विसरली जाते. व्हेनिसच्या जुन्या बेटांवर १९५१ सालीं सुमारें १,७५,००० लोक राहत. २०२२ पर्यंत ही संख्या ५०,००० च्या खालीं आली. याला पूर, महागाई, बदललेले व्यवसाय अशीं अनेक कारणें आहेत. पण राहत्या घरांचीं पाहुण्यांच्या खोल्यांत झालेलीं रूपांतरें हेंही त्यांतील एक ठळक कारण होय. २०२४ मध्यें तेथें ठराविक दिवशीं, दिवसापुरत्या येणाऱ्या प्रवाशांवर पांच युरोंचा प्रवेशकर बसविण्यांत आला. त्याच वर्षीं बार्सेलोनाच्या महापौरांनीं शहरांतील १०,१०१ प्रवासी-सदनिकांचे परवाने २०२८ च्या नोव्हेंबरापर्यंत संपुष्टांत आणण्याचें जाहीर केलें. शेजारी मिळावा म्हणून वस्तींत जावें, आणि आपल्या जाण्यानेंच शेजाऱ्याला भाडें परवडेनासें होऊन त्यानें वस्ती सोडावी, असा हा प्रकार आहे. एका पाहुण्याचा यांत दोष नाहीं. परंतु लाखो पाहुण्यांना एकच सल्ला देणाऱ्या पुस्तकाचा दोष आहे. साधें, कायदेशीर, वर्षानुवर्षें त्या वस्तीचा भाग होऊन राहिलेलें लॉज हें अशा वेळीं राहत्या घरापेक्षां शेजाराला अधिक मानवतें, हें सांगण्यास मार्गदर्शकानें संकोचूं नये.

आतांपर्यंतचा विचार ज्याला निवड करतां येते त्याच्या पुरता झाला. परंतु खिशांत पैसे आणि समोर रिकामी खोली असूनही ज्याला दारांतून परतविलें जातें, त्याच्यासाठीं या वाङ्मयानें काय केलें? बहुतेकांनीं कांहींच केलें नाहीं. याला एक लखलखीत अपवाद आहे. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागांत राहणारे व्हिक्टर ह्यूगो ग्रीन हे टपालखात्यांतील एक कर्मचारी होते. १९३६ सालीं त्यांनीं कृष्णवर्णीय मोटारप्रवाशांसाठीं एक लहानसें पुस्तक काढलें. कोणत्या गांवांत कोणतें हॉटेल, कोणतें घर, कोणतें उपाहारगृह आपल्याला अपमान न करितां घेईल, याची ती यादी होती. 'ग्रीन बुक' या नांवानें ती १९६६-६७ पर्यंत निघत राहिली. तींत वर्णनाचा फुलोरा नाहीं, आणि रसिकतेचा आवही नाहीं. पुष्कळदां केवळ एक नांव आणि एक पत्ता. परंतु त्या पत्त्यावर रात्रीची झोंप आणि कधीं कधीं जीवही अवलंबून असे. अशी एक वेळ येईल कीं या पुस्तकाची गरजच उरणार नाहीं, आणि तो दिवस आपल्या लोकांसाठीं थोर असेल, अशी इच्छा ग्रीन यांनीं त्यांत व्यक्त केली होती. आपण अनावश्यक व्हावें अशी प्रार्थना करणारा मार्गदर्शक ग्रंथ आमच्या पाहण्यांत दुसरा नाहीं. या प्रकारांतील श्रेष्ठ कृति कोणती असें कोणीं विचारलें, तर बेडेकरांच्या तांबड्या ग्रंथमालेस बाजूला सारून आम्ही या यादीकडे बोट दाखवूं.

हें अमेरिकेंतील झालें म्हणून आपण निश्चिंत राहण्याचें कारण नाहीं. १९१७ सालीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठांतील अभ्यास करून बडोद्यास संस्थानच्या नोकरीवर रुजू होण्यास गेले. हिंदूंच्या खाणावळींत जात विचारली जाणार, हें त्यांना ठाऊक होतें. शेवटीं ते एका पारशी सरायींत पारशी नांवानें राहिले. वरच्या मजल्यावरील अडगळीचा मोठा अंधारा दिवाणखाना आणि एक मिणमिणता कंदील, असें तें बिऱ्हाड होतें. अकराव्या दिवशीं लाठ्या घेतलेल्या लोकांनीं येऊन त्यांना बाहेर काढलें. एक हिंदू आणि एक ख्रिस्ती अशा दोघां स्नेह्यांकडे त्यांनीं आसरा विचारला. दोघांनींही अडचणी सांगितल्या. संध्याकाळ त्यांनीं सार्वजनिक बागेंत काढली आणि रात्रींच्या गाडीनें मुंबई गांठली. ही हकीकत त्यांनीं स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या टिपणांत लिहिली असून तें टिपण १९९० मध्यें पीपल्स एज्युकेशन सोसायटीनें प्रसिद्ध केलें. मुक्कामाविषयींच्या साऱ्या वाङ्मयांत आम्हांस हीं पानें सर्वांत महत्त्वाचीं वाटतात. शहरांत खोल्या किती आहेत, याला अर्थ नाहीं. कोणासाठीं किती आहेत, याला आहे, हें तीं पानें एकही आवाज न चढवितां सिद्ध करितात.

त्यापुढील इतिहासही याच विषयाला धरून आहे. २६ जानेवारी १९५० पासून अमलांत आलेल्या राज्यघटनेच्या पंधराव्या कलमांत धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून दुकानें, सार्वजनिक उपाहारगृहें, हॉटेलें आणि करमणुकीचीं ठिकाणें यांत कोणासही मज्जाव करतां येणार नाहीं, असें लिहिलेलें आहे. घटनेचा मसुदा करणाऱ्या समितीचे अध्यक्ष डॉ. आंबेडकर हेच होते. हॉटेल हा शब्द एखाद्या देशाच्या मूलभूत हक्कांत यावा, हें परकीयास विचित्र वाटेल. बडोद्याची हकीकत वाचलेल्यास वाटणार नाहीं. तत्पूर्वीं, १९४९ सालीं, गाडगे महाराजांनीं पंढरपूरची आपली चोखामेळा धर्मशाळा डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली होती. ज्याला एका सरायींतून लाठ्यांच्या धाकानें बाहेर पडावें लागलें, त्याच्या संस्थेला एका संतानें आपली धर्मशाळा द्यावी, यावर भाष्य करण्याची गरज नाहीं.

तरीही मार्गदर्शकांचें मौन सुटलेलें नाहीं. मुंबईस येणारा प्रत्येक जण प्रवासाची मौज करण्यास येतो, असें हीं पुस्तकें गृहीत धरून चालतात. परळचें टाटा स्मारक रुग्णालय १९४१ मध्यें सुरू झालें. तेव्हांपासून देशाच्या कानाकोपऱ्यांतून रोगी आणि त्यांचे नातलग तेथें येत आहेत. त्यांना चार दिवस नव्हे, कित्येक महिने राहावें लागतें. कित्येक जण रुग्णालयाबाहेरील पदपथावर पथारी टाकतात. दादर येथें गाडगे महाराजांच्या नांवानें चालणारी धर्मशाळा अशा कुटुंबांना आसरा देते; परंतु गरज मोठी आहे. मुंबईंत 'कोठें उतरावें' हा प्रश्न सर्वांत कळकळीनें विचारणारीं माणसें हींच, आणि चांदण्यांच्या यादींत त्यांच्यासाठीं एक ओळही सहसा नसते. तसेंच ६ डिसेंबरचें. चैत्यभूमीच्या दर्शनास लाखो माणसें दादरास येतात आणि शिवाजी पार्कवर महापालिकेनें घातलेल्या मंडपांत रात्र काढतात. त्या दिवसांत दादरास गर्दी असते एवढेंच सांगून जो मार्गदर्शक पाहुण्यास दुसरीकडे वळवितो, त्यानें शहराचा एक मोठा दिवस त्याच्यापासून लपविला, असें आम्ही म्हणूं. गर्दी सांगावी, पण ती कोणाची आणि कशासाठीं, हेंही सांगावें.

यावर एक आक्षेप संभवतो, आणि तो हलका लेखण्यासारखा नाहीं. दिवसभर फिरून थकलेल्या माणसाला स्वच्छ अंथरूण, भरपूर पाणी आणि कडी नीट लागणारें दार हवें असतें. त्याला तुम्ही समाजशास्त्र काय सांगतां? म्हाताऱ्या आईला तीन जिने चढावयाचे आहेत कीं नाहीं, तान्ह्या मुलासाठीं दूध तापवून मिळेल कीं नाहीं, एकट्या आलेल्या बाईला रात्रीं दहानंतर दारांत उभें करून नसते प्रश्न विचारले जातील कीं काय, हें तिच्या दृष्टीनें कोणत्याही वारशापेक्षां मोठें आहे. आम्हांस हें संपूर्ण मान्य आहे. किंबहुना याच कारणास्तव आम्हीं चांदणीला दोष दिला. चांदणी यांतील एकाही प्रश्नाचें उत्तर देत नाहीं. जिना, दूध, पाणी आणि मान हे निवासाचे खरे गुण आहेत, आणि ते संगमरवरी दिवाणखान्यापेक्षां पुष्कळदां स्टेशनाजवळील जुन्या लॉजांत अधिक सांपडतात. खोलीचा विचार करूं नये, असें आमचें म्हणणें नाहीं. खोलीचा विचार खोलीपाशींच थांबूं नये, इतकेंच आहे.

मग चांगल्या मार्गदर्शकानें काय लिहावें? आमच्या मतें प्रत्येक मुक्कामाविषयीं त्यानें तीन प्रश्नांचीं उत्तरें द्यावींत. पहिला, येथें राहिल्यानें शहराचा कोणता भाग पायांखालीं येईल आणि कोणता दूर राहील. तो दिवसा कसा असतो, रात्रीं कसा, आणि पावसाळ्यांत कसा. दुसरा, येथें कोणाला विनासंकोच घेतलें जातें आणि कोणाला टाळाटाळीचीं उत्तरें मिळतात. हें लिहिण्यास धैर्य लागतें, पण ग्रीन यांनीं तें नव्वद वर्षांपूर्वीं दाखविलें आहे. तिसरा, आपल्या येण्यानें या वस्तीला काय मिळतें आणि तिचें काय जातें. या तीन उत्तरांसाठीं पानभर जागा लागत नाहीं; चार ओळी पुरतात. मात्र त्या चार ओळी लिहिण्यासाठीं लेखकानें त्या रस्त्यावर सकाळ आणि रात्र दोन्ही काढलेल्या असल्या पाहिजेत, दुकानदाराशीं दोन शब्द बोललेलें असलें पाहिजे, आणि हॉटेलाच्या मालकाचें मिंधेपण पत्करलेलें नसलें पाहिजे.

मराठींत शहरांवरील पुस्तकें निघतात, तीर्थयात्रांचीं निघतात, परदेशप्रवासाचीं तर पुष्कळच निघतात. त्यांत लेखक देवळाचें वर्णन करितो, हवेचें करितो, जेवणाचेंही करितो. मुक्कामाची जागा बहुधा एका वाक्यांत उरकतो. ही जागा त्यानें पुढें अधिक मन लावून लिहावी. सुटींत घरची मंडळी घेऊन परगांवीं निघणाऱ्या वाचकांनींही, खोलींत टेलिव्हिजन आहे काय, या प्रश्नाबरोबर खिडकीखालीं काय आहे, हा प्रश्न लिहिणाऱ्यांना आणि हॉटेलवाल्यांना विचारण्यास आरंभ करावा. वाचक जें विचारतो तेंच मार्गदर्शक पुढच्या आवृत्तींत छापतो.